तयार कपड्यांचे मोठे दुकान आणि आपले घर

ईदच्या कपड्यांची तयारी पूर्वी शाबानमध्येच सुरू होई. कापड घ्यायचे, टेलरमास्तरांकडे टाकायचे आणि ते चाँदरातीपूर्वी मिळावे म्हणून फेऱ्या मारायच्या. अर्धा रमजान उलटला की मास्तर नवे काम घेत नसत. आता सगळे कुटुंब एका संध्याकाळी मोठ्या दुकानात जाते आणि लहानथोरांचे कपडे घेऊनच परतते.

हा बदल तीस-पस्तीस वर्षांत झाला. १९९१ साली मुंबईत अंधेरीला शॉपर्स स्टॉपचे पहिले दुकान उघडले. १९९७ मध्ये कोलकात्यात पॅन्टलून्सचे मोठे दालन आले. १९९८ मध्ये टाटा समूहाने लॅक्मेचा सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय विकला आणि ट्रेन्ट या कंपनीमार्फत कपड्यांच्या व्यापारात पाऊल टाकले. वेस्टसाइड हे तिचेच दुकान. तेव्हा ही दुकाने शहरातल्या पैसेवाल्यांची वाटत. पुढे रिलायन्स ट्रेंड्स आले. २०१६ मध्ये ट्रेन्टने हजार रुपयांच्या आतल्या कपड्यांचे झुडिओ सुरू केले. मार्च २०२५ पर्यंत त्याची सातशेहून अधिक दुकाने झाली होती. आज जिल्ह्याच्या गावातही असे एखादे दुकान दिसते.

याचे फायदे मान्य करायला हवेत. किंमत चिठ्ठीवर छापलेली असते, त्यामुळे मजुराला आणि साहेबाला भाव एकच. घासाघीस न जमणारी बाईही निर्धास्त खरेदी करते. ट्रायल रूममध्ये कपडा घालून पाहता येतो. शिवाय दहावी-बारावी झालेल्या मुलींना गावातल्या गावात पगाराची नोकरी मिळते.

पण आपल्या समाजातली कितीतरी घरे या धंद्याच्या दुसऱ्या बाजूलाही उभी आहेत. कोणी टेलर, कोणी कापड दुकानदार, तर मालेगाव-भिवंडीत कोणी लूमवर. टेलरकडे नवे शिवणकाम घटले. लांबी कमी करणे, चेन बदलणे एवढेच काम उरू लागले. लूमवर उभ्या-आडव्या धाग्यांचे कापड निघते. टी-शर्ट आणि लेगिंग्जचे कापड मात्र होजिअरीचे. ते तमिळनाडूतल्या तिरुप्पूरसारख्या ठिकाणी वेगळ्या यंत्रांवर तयार होते. म्हणजे आपली मुले जे रोज घालतात, त्यातले बरेचसे आपल्या लूमवर बनतच नाही.

आणखी एक गोष्ट गेली, ती उधारीची वही. ओळखीचा दुकानदार ईदला कपडे देई आणि पैसे हप्त्याहप्त्याने घेई. मोठ्या दुकानात ओळख चालत नाही. उलट ‘दोनवर एक मोफत’ वाचून गरज नसलेला तिसरा कपडाही पिशवीत येतो. यालाच इसराफ म्हणतात, हे मुलांना घरीच समजावले पाहिजे.

मग करायचे काय? मोठी दुकाने बंद पडणार नाहीत, आणि पडावीत असेही नाही. मुलगी तिथे नोकरीला लागत असेल, तर नेमणूकपत्र मागून घ्या. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला पीएफचा कायदा लागू होतो, तेव्हा पीएफ कापला जातो का ते विचारा. दिवसभर उभे राहण्याचा त्रासही लहान नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणे कायद्याने बंधनकारक केले. घरच्या मुलीच्या पायांना सूज येते तेव्हा या कायद्याचे मोल कळते.

ग्राहक म्हणून बिल जपून ठेवा. कपडा बदलून देण्याची अट पैसे देण्यापूर्वीच विचारा. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

टेलरिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी एक गोष्ट ओळखावी. कारखाना ठरावीक मापाचे कपडे काढतो. माणसे मात्र ठरावीक मापाची नसतात. नेमके फिटिंग, शेरवानी, बुरखा, लग्नाचे कपडे यांत कुशल हाताला आजही मान आहे. मात्र तारीख पाळली पाहिजे, मजुरी आधी सांगितली पाहिजे आणि पावती दिली पाहिजे. मोठ्या दुकानाकडून एवढे शिकण्यासारखे नक्कीच आहे.

आणि आपण? या वर्षी घरातला निदान एक जोड मोहल्ल्यातल्या मास्तरांकडे टाकू या. तोही शाबानमध्येच, म्हणजे त्यांनाही वेळ मिळेल.