विश्लेषण : संकेतस्थळाच्या पानाला पासवर्डचे कुलूप... पण ते कितपत पक्के?

घराण्याचा कुळवृत्तांत, लग्नाची छायाचित्रे, सोसायटीचा जमाखर्च किंवा क्लासच्या नोट्स आता अनेक जण स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवतात. हा मजकूर ठरावीक लोकांनीच पाहावा म्हणून पानाला पासवर्ड लावला जातो. मात्र पासवर्ड विचारणारी प्रत्येक चौकट म्हणजे कुलूप नव्हे. काही प्रकारांत पान बंद दिसते, पण आतला मजकूर कुणालाही वाचता येतो. कुळवृत्तांतातील हयात व्यक्तींच्या जन्मतारखा, पत्ते आणि मोबाइल क्रमांक असे उघडे पडले तर ते भामट्यांच्या आयतेच हाती लागतात.

दुवा दिला नाही तर पान लपते का?

मेनूमध्ये दुवा नसला तरी पान इंटरनेटवर असतेच. त्याचा पत्ता एकदा व्हॉट्सअ‍ॅप समूहात गेला की तो पुढे कुठे फिरतो यावर नियंत्रण राहत नाही. कुणी तो दुसऱ्या संकेतस्थळावर टाकला तर शोधयंत्रही तिथवर पोहोचते. ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ या फाइलमध्ये पत्ता लिहून शोधयंत्राला मनाई करण्याची पद्धत १९९४ पासून आहे. पण ती केवळ विनंती असते. सभ्य शोधयंत्रे ती पाळतात, इतरांवर बंधन नसते. शिवाय ही फाइल स्वतः सर्वांसाठी खुली असते. त्यामुळे लपवायच्या पानांचे पत्तेच तिथे आयते वाचायला मिळतात.

पासवर्डची चौकट फसवी केव्हा ठरते?

जावास्क्रिप्टचा छोटा तुकडा पानात टाकून पासवर्ड विचारण्याची युक्ती जुनी आहे. यात अडचण अशी, की चौकट दिसण्याआधीच संपूर्ण पान पाहणाऱ्याच्या मोबाइलवर किंवा संगणकावर उतरलेले असते. ब्राउझरमध्ये ‘व्ह्यू पेज सोर्स’ केले की मजकूर समोर येतो आणि अनेकदा पासवर्डही तिथेच लिहिलेला असतो. दाराला कुलूप लावून किल्ली त्याच दारावर टांगावी, तसा हा प्रकार.

पानाच्या सोर्समध्ये काय राहून जाऊ शकते, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील मिसूरी राज्याचे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘सेंट लुइस पोस्ट-डिस्पॅच’ या दैनिकाच्या पत्रकाराला राज्याच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पानांच्या सोर्समध्ये शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक आढळले. एक लाखाहून अधिक जणांची माहिती उघडी पडण्याचा धोका होता. दैनिकाने आधी विभागाला कळवले आणि त्रुटी दूर होईपर्यंत बातमी रोखून धरली. तरीही गव्हर्नर माइक पार्सन यांनी पत्रकारावरच कारवाईची भाषा केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी गुन्हा दाखल न करण्याचा निर्णय घेतला. तिथे पासवर्ड तोडण्याचा प्रश्नच नव्हता. माहिती वाचकाच्या ब्राउझरपर्यंत आधीच पोहोचलेली होती.

खरे कुलूप कुठे लागते?

ते सर्व्हरवर लागते. पासवर्ड बरोबर असल्याशिवाय सर्व्हरने पान पाठवायचेच नाही, हे त्यामागचे सूत्र. यासाठीची सर्वांत साधी सोय म्हणजे ‘बेसिक ऑथेंटिकेशन’. पान मागितले की सर्व्हर ४०१ हा संकेत पाठवतो, ब्राउझर नाव आणि पासवर्ड विचारतो आणि ते जुळले तरच पान येते.

अपाची सर्व्हरवर यासाठी दोन फाइल लागतात. ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’मध्ये ती फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या कुलपाचे नियम लिहितात, तर ‘डॉट एचटीपासवर्ड’मध्ये सदस्यांची नावे आणि पासवर्डची सांकेतिक रूपे असतात. ही दुसरी फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवावी. नवा सदस्य जोडताना ‘सी’ हा पर्याय पुन्हा दिला तर जुनी यादी पुसली जाते, हेही लक्षात ठेवावे. ज्यांच्या होस्टिंगवर सीपॅनेल आहे, त्यांना ‘डिरेक्टरी प्रायव्हसी’ या पर्यायातून हेच काम फाइल न लिहिता करता येते. एनजिनएक्स सर्व्हर मात्र ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ वाचत नाही. तिथे नियम सर्व्हरच्या मुख्य मांडणीत लिहावा लागतो.

एचटीटीपीएस नसेल तर काय होते?

बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये पासवर्ड ‘बेस ६४’ या लिपीत रूपांतरित होऊन जातो. हे गुप्तलेखन नव्हे. ते उलटवून मूळ पासवर्ड काढायला क्षणभरही लागत नाही. शिवाय ब्राउझर तो प्रत्येक मागणीसोबत पाठवतो. त्यामुळे संकेतस्थळ साध्या एचटीटीपीवर असेल, तर रेल्वे स्थानकातील किंवा हॉटेलातील वायफायवर लक्ष ठेवणाऱ्याला तो वाचता येतो. एचटीटीपीएस असले की सगळी देवाणघेवाण गुप्त होते. त्यासाठीचे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था मोफत देते.

वर्डप्रेसचा पासवर्ड पुरेसा आहे का?

वर्डप्रेसमध्ये लेख किंवा पान प्रसिद्ध करताना पासवर्ड देण्याची सोय असते. तो एकदा टाकला की ब्राउझर साधारणपणे १० दिवस तो लक्षात ठेवतो. पत्रिकेचा मजकूर किंवा बैठकीचे इतिवृत्त यांसाठी ही सोय ठीक आहे. मात्र तिच्या मर्यादा आहेत. पानाचे शीर्षक सर्वांना दिसते. पासवर्ड सर्वांसाठी एकच असल्याने तो कुणी फोडला हे कळत नाही. तो डेटाबेसमध्ये जसाच्या तसा राहतो, म्हणून बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड इथे कधीही वापरू नये.

सर्वांत मोठी मर्यादा छायाचित्रांची. पान बंद असले तरी त्यातील छायाचित्रे आणि पीडीएफ फाइल सामान्यतः ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये उघड्याच असतात. त्यांचा थेट पत्ता ज्याच्याकडे असेल, त्याला त्या पासवर्डविना दिसतात. मुलांची छायाचित्रे किंवा आधारची प्रत अशा पानावर ठेवणे म्हणूनच जोखमीचे असते.

मोफत होस्टिंगवर काय करता येते?

गिटहब पेजेससारख्या सेवांवर तयार पाने जशीच्या तशी दिली जातात. तिथे ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ चालत नाही. अशा ठिकाणी ‘स्टॅटिक्रिप्ट’सारखे साधन पानाचा मजकूरच गुप्त लिपीत बदलून ठेवते. सोर्स पाहिला तरी निरर्थक अक्षरेच दिसतात आणि योग्य पासवर्ड दिल्यावर मजकूर ब्राउझरमध्ये उलगडतो. पण ही गुप्त फाइल कुणीही उतरवून घेऊन सावकाश पासवर्डचे अंदाज बांधू शकतो. त्यामुळे इथे पासवर्ड लांबच हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले, तर तो लक्षात ठेवायला सोपा आणि ओळखायला कठीण होतो.

आधीच उघडे राहिलेल्या पानाचे काय?

आज कुलूप लावले म्हणजे कालच्या प्रती नाहीशा होत नाहीत. गूगलच्या ‘सर्च कन्सोल’मधून पान शोधनिकालांतून सुमारे सहा महिन्यांसाठी काढता येते. तोवर सर्व्हरवरचे कुलूप लागलेले असले पाहिजे. ‘वेबॅक मशीन’वर जुनी प्रत साठली आहे का, हेही तपासावे आणि असल्यास ती काढण्याची विनंती करावी.

कायद्याच्या बाजूने पाहता, दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मधून व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर वगळला आहे. सोसायटी किंवा क्लासला ही सवलत गृहीत धरता येत नाही.

कुलूप लागले की नाही, हे मोबाइलवरच पाहता येते. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत पान उघडावे आणि मग त्यातील एखाद्या छायाचित्राचा थेट पत्ता टाकावा. दोन्ही वेळा पासवर्ड विचारला गेला, तरच त्या फोल्डरचे दार बंद आहे असे म्हणता येईल.