पाव करण्याचे घरगुती यंत्र कणीक मळत नसेल तर



एरवी या पानावर आम्ही बेणे, खोडकिडा आणि पाचट यांविषयी लिहितो. या वेळचा विषय निराळा असला तरी तो आपल्याच एका सभासदाच्या घरून आला आहे. ऊसनोंदीसाठी मोहाडी तालुक्यात गेलो असता त्या घरच्या बाईंनी एक यंत्र पुढे आणून ठेवले. मुलीने अमेरिकेहून आणलेले, पाव करण्याचे. "घरघर करते, पण कणीक काही मळत नाही जी. हे म्हणतात, भंगारात देऊन टाक." पंपाच्या मोटारी आम्ही नेहमी पाहतो, तेव्हा म्हटले, हेही पाहू.

आतली रचना साधी असते. डब्याच्या तळाशी एक पाते, ते एका दांड्यावर बसते. बाजूची लहान मोटार दातेरी पट्ट्याने तो दांडा फिरवते. खाली तापणारी तार असते, ती पाव भाजते. अवघड काम मळण्याचेच. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९८५ च्या सुमारास असे यंत्र करावयास घेतले, तेव्हा तेथेही घोडे याच ठिकाणी अडले होते. शेवटी इकुको तनाका या कर्मचारी बाईंनी ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली राहून पाहिले, तेव्हा कळले की तो पीठ ताणताना पीळही देतो. मग डब्याच्या आत उंचवटे बसवले आणि यंत्र चालले. उपड्या मडक्यावर लांब रोटी करणाऱ्या आपल्याकडच्या बायांना हे वेगळे सांगावयास नको!

आता दुरुस्तीचे. आधी डबा खटकन बसला आहे ना, आणि पाते दांड्यावर पूर्ण खाली गेले आहे ना, ते पाहावे. पुष्कळ यंत्रे सुरुवातीची २०-३० मिनिटे काही न करता स्वस्थ बसतात, तो बिघाड नव्हे. एक पाव भाजून लगेच दुसरा लावला तर गरम यंत्र सुरूच होत नाही. झाकण उघडून निवू द्यावे.

आमचे यंत्र रिकामे फिरे आणि कणीक घातली की थांबे. पंपाच्या सवयीने आम्ही सांगून टाकले, कंडेन्सर गेला. वाइंडिंगवाल्याकडून त्याच मापाचा आणून बसवला. यंत्र जसेच्या तसे! येथे आमची चूक झाली, आधी पट्टा पाहावयास हवा होता. प्लग काढून तळ उघडला, तर पट्टा ढिला आणि दोन-चार दाते झिजलेले. बहुतेक यंत्रांत मोटारीचे स्क्रू सैल करून ती सरकवता येते, त्याने पट्टा ताणला जातो. दाते गेले असतील तर मात्र तितक्याच दात्यांचा व तितक्याच रुंदीचा नवा पट्टा घ्यावा. आम्ही तसाच घेतला.

मोटार नुसती गुणगुणत असेल आणि पट्टा काढून हाताने झटका दिल्यावरच फिरत असेल, तेव्हा कंडेन्सरचा संशय घ्यावा. त्यावर छापलेले मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट कमी नकोत. घरी पडलेला पंपाचा कंडेन्सर मुळीच लावू नये, मोटार जळेल. प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते, म्हणून टोकांना हात लावू नये. हे काम वाइंडिंगवाल्यावरच सोपवावे.

पट्टा बदलला तरी कणकेचा गोळा दगडासारखाच. याला कारण चक्कीचे पीठ. मैद्यापेक्षा ते पाणी जास्त पिते, आणि यंत्रासोबतच्या पुस्तिकेतले माप परदेशी पिठाचे. मळणे सुरू झाल्यावर चमचा-चमचा पाणी वाढवले, तेव्हा गोळा मऊ होऊन डब्याच्या कडा सोडू लागला. तांदळाच्या पिठात चिवटपणाच नाही, त्यामुळे भंडाऱ्यात तांदूळ कितीही पिको, त्याची अशी कणीक होत नाही.

राहिली वीज. हे यंत्र १२० व्होल्टचे. थेट आपल्या २३० व्होल्टवर लावले तर जळतेच, ट्रान्सफॉर्मर हवा, तोही यंत्रावर लिहिलेल्या वॅटपेक्षा मोठा. पण ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, फेरे नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. त्यामुळे मोटार सुमारे सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि तापतेही अधिक. त्यात आजूबाजूचे पंप चालू होऊन दाब २३० वरून १८० वर आला, की मोटारीचा जोर ६० टक्क्यांच्या आसपासच उरतो. त्या घरी सायंकाळी नेमके हेच होई. आता बाई सकाळी दाब बघून यंत्र लावतात.

डबा पाण्यात भिजत ठेवू नये. दांड्याचे सील खराब होऊन पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि दांडा जाम होतो. कणकेत काळे तेल दिसले तर तो डबा वापरू नये.

जाता जाता सांगावेसे वाटते, की पाव फुगवणारे यीस्ट कारखान्यांतून वाढवतात ते बहुधा मळीवर, म्हणजे आपल्या उसाच्याच.

यंत्र भंगारात गेले नाही. लांब रोटीची कणीक मात्र बाई अजून परातीतच आपटून मळतात.