दोर तुटला नाही, तरी माणूस का जखमी होतो?

बारामती-इंदापूरच्या सपाट मुलखात चढायला कडे नाहीत, पण विहिरी खोल आहेत. गाळ काढायला, मोटार बसवायला माणसे दोराने खाली उतरतात. दोर निवडताना प्रश्न बहुधा एकच असतो : वजन किती पेलेल? हा प्रश्न अपुरा आहे. शाळेची सहल गडावर निघते तेव्हा घरचाच दोर पिशवीत पडतो, म्हणून वर्गात याचा विचार व्हावा.

समजा, ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस ४ मीटर पडला आणि मग दोर ताणला गेला. गुरुत्वत्वरण १० धरले, तर तोवर २४०० ज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. दोर यारीचा, पोलादी आहे आणि तो जेमतेम ५ सेंटिमीटर लांबला, असे धरू. मग सरासरी बल ४८,६०० न्यूटन येते, म्हणजे वजनाच्या ८१ पट! जाड दोर एखादे वेळी टिकेलही. बरगड्या आणि कणा टिकणार नाही. दोर १ मीटर लांबला, तर हेच बल ३००० न्यूटन, म्हणजे पाचपट. (कमाल बल याच्या साधारण दुप्पट असते.) ऊर्जा तेवढीच, ती किती अंतरात जिरली, यावर सारे अवलंबून.

१८६५ साली मॅटरहॉर्न शिखरावरून उतरताना दोर तुटून चौघे दगावले. तेव्हाचे दोर वनस्पतींच्या धाग्यांचे, फारसे न ताणणारे. आजच्या गिर्यारोहणाच्या दोरात नायलॉनच्या पीळदार लडी आणि वर विणलेले आवरण असते. लडी लांबतात, धागे एकमेकांवर घासतात आणि बरीचशी ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणूनच माणूस रबरासारखा वर उसळत नाही. आंतरराष्ट्रीय चाचणीत एकेरी दोरावर ८० किलोग्रॅमचे वजन पाडतात. पहिल्या पतनात बल १२,००० न्यूटनपेक्षा जास्त होता कामा नये आणि दोराने अशी किमान पाच पतने सोसावी लागतात.

आता एक गंमत. प्रस्तरारोहक शेवटच्या मेखेच्या ३ मीटर वर असताना निसटला, तर ६ मीटर पडतो. मागे ३० मीटर दोर सोडलेला असेल तर धक्का सौम्य. ३ मीटरच असेल तर भयंकर. ऊर्जा पडण्याच्या उंचीप्रमाणे वाढते, पण ती जिरवण्याची क्षमता दोराच्या लांबीप्रमाणे. म्हणून उंचीला लांबीने भागायचे : पहिल्या वेळी ०.२, दुसऱ्या वेळी २. या भागाकाराला पतन-गुणांक म्हणता येईल.

विहिरीत उतरताना वरच्या माणसाने दोराला ढील का ठेवू नये, हे यातून कळते. ढील नसली की पडण्याची उंची जवळजवळ शून्य. तरीही एकदम भार आला तर बल वजनाच्या दुपटीपर्यंत जाते.

करून पाहा : शिवणाच्या अर्धा मीटर सुती दोऱ्याला २०० ग्रॅमचे वजन बांधा. ते सहज लटकते. मग ३० सेंटिमीटर उचलून सोडा. बहुधा दोरा तुटेल. आता वजन आणि दोरा यांच्यामध्ये चार-पाच रबरबँडांची साखळी घालून तेवढ्याच उंचीवरून सोडा. खाली वाळूची पाटी ठेवा आणि मुलांना दूर उभे करा.