न काढलेल्या तिकिटाचे बक्षीस

आमच्या शेजारच्या इमारतीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळी आळी त्यांना गुरुजी म्हणते. उभ्या आयुष्यात त्यांनी पत्त्यांना हात लावला नाही की लॉटरीचे तिकीट काढले नाही. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले, दार लावून घ्यायला सांगितले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

“जरा वाचून पाहा. एवढ्यात कोणाला बोलू नका.”

पडद्यावर एक रंगीत प्रमाणपत्र होते. अशोकस्तंभ, गोल शिक्का, झोकदार इंग्रजी सही, दूरचित्रवाणीवरच्या एका लोकप्रिय प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाचे नाव, आणि मधोमध गुरुजींचा स्वतःचा मोबाइल क्रमांक. त्या क्रमांकाला २५ लाखांची लॉटरी लागली होती.

“गुरुजी, तिकीट कधी काढलंत?”

“तिकीट कुठलं! मोबाइल नंबरांचीच सोडत होती म्हणे.”

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. नोंदणीसाठी आठ हजार, करापोटी वीस हजार आणि रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीसाठी चाळीस हजार असे अडुसष्ट हजार रुपये त्यांनी आधीच भरले होते. आता शेवटचा म्हणून आणखी एक हप्ता मागितला जात होता. गुरुजी माझा सल्ला विचारायला आले नव्हते. त्या हप्त्यासाठी उसने पैसे मागायला आले होते.

अशी हकिकत ऐकली की आपण पटकन म्हणतो, “शिकलेला माणूस, असा कसा फसला?” मला मात्र वाटते, गुरुजी फसले ते त्यांनी कधी तिकीट काढले नव्हते म्हणून. खऱ्या लॉटरीचा व्यवहार कसा चालतो हेच त्यांना ठाऊक नव्हते. ज्याने खरे नाणे कधी हाताळलेच नाही, त्याला खोटे कसे ओळखू यावे? तेव्हा आधी खरे नाणे पाहू.

आपल्या देशात लॉटरी चालवण्याचा अधिकार सरकारचा आहे. केरळ सरकारने १९६७ मध्ये लॉटरी सुरू केली. तिकीट एक रुपयाचे आणि पहिले बक्षीस पन्नास हजारांचे. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ ची. पुढे अनेक राज्यांनी हा मार्ग धरला आणि त्यात गैरप्रकारही बोकाळले, तेव्हा केंद्राने १९९८ मध्ये लॉटरी नियमनाचा कायदा केला. त्यातल्या मोजक्या अटी घरातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात. तिकिटावर त्या राज्याचे नाव व बोधचिन्ह हवे. सोडत राज्य सरकारने स्वतः आणि त्या राज्यातच काढायची. विक्रीचा पैसा सरकारी खात्यात जमा व्हायचा. बक्षीस एका अंकावर देता येत नाही. म्हणजे एखादा दुकानदार एका आकड्यावर पैसे घेत असेल, तर वर पाटी कसलीही असो, आत मटकाच आहे असे समजावे.

राज्याला आपल्या हद्दीत लॉटरी बंद ठेवण्याचीही मुभा आहे. तामिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकाने २००७ मध्ये ती बंद केली. म्हणून कोल्हापुरात राजरोस विकले जाणारे तिकीट बेळगावात कोणी पुढे केले, तर तो व्यवहार बेकायदा.

एखाद्या खासगी कंपनीला, दुकानाला किंवा दूरचित्रवाणीच्या वाहिनीला लोकांना तिकिटे विकून अशी लॉटरी काढता येत नाही. मग मोबाइल क्रमांकांची सोडत ही काय चीज आहे? ती चीजच नाही. खऱ्या लॉटरीत तुम्ही आधी दुकानात जाता, पैसे मोजता, तिकीट घेता. सोडतीनंतर जाहीर झालेल्या निकालाशी आपले तिकीट तुम्हीच ताडून पाहता. लॉटरीवाले तुमचे घर शोधत येत नाहीत. बक्षिसाची रक्कम ठरलेल्या मुदतीत कोणी मागितली नाही, तर ती सरकारजमा होते. तिकीट हरवले तर बक्षीसही गेले, म्हणून जाणते लोक तिकीट घेताच त्याच्या मागे सही करून ठेवतात.

आता कराचा मुद्दा, कारण बहुतेक फसवणूक याच दारातून आत शिरते. दहा हजारांहून मोठ्या बक्षिसावर ३० टक्के आयकर (वर उपकर आणि लागू असेल तर अधिभार) लागतो हे खरे. पण तो बक्षिसातूनच कापला जातो. केरळच्या २०२२ च्या ओणम बंपरचे पहिले बक्षीस २५ कोटींचे होते. त्यातून विक्रेत्याचे १० टक्के कमिशन आणि कर वजा जाता विजेत्याच्या वाट्याला सुमारे पावणेसोळा कोटी येतात, असा हिशेब तेव्हा वर्तमानपत्रांतून छापून आला होता. इतकी मोठी रक्कम, पण त्यासाठी विजेत्याला आधी खिशातून कर भरावा लागला नाही. बक्षीस मोटारीसारख्या वस्तूचे असेल, तर कर भरल्याची खात्री झाल्यावरच ती वस्तू ताब्यात मिळते. भामटे याच नियमाचा आधार घेतात. पण तो करही सरकारच्या तिजोरीत, तुमच्या पॅन क्रमांकावर भरला जातो. कोणा ‘मॅनेजर’च्या बचत खात्यात नव्हे.

रिझर्व्ह बँकेचेही तसेच. ही बँक सर्वसामान्य माणसांची खाती ठेवत नाही आणि कोणाचे बक्षीस ‘सोडवण्यासाठी’ पैसेही मागत नाही. तिने हे वारंवार जाहीर केले आहे. परदेशातली लॉटरी लागल्याचे पत्र आले तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायलाच मनाई आहे. तुम्ही न काढलेल्या तिकिटावर स्पेनमधला कोणी तुम्हाला करोडपती करील, हे मुळातच शक्य नाही.

अलीकडे एक नवा प्रकार निघाला आहे. केरळची खरी, नामांकित लॉटरी घ्यायची आणि तिची तिकिटे मोबाइलवरून घरपोच देतो म्हणून सांगायचे. केरळची लॉटरी कागदी तिकिटावरच चालते, ती ऑनलाइन विकली जात नाही. तिकिटाचा फोटो आला म्हणजे तिकीट आले असे नव्हे. तोच फोटो आणखी शंभर जणांना गेलेला असू शकतो. टपालाने येणारे, नख घासून मोटार जिंकायचे कार्डही याच जातीचे. त्यावर नेहमी बक्षीसच निघते, हीच त्याची खूण.

एवढे सगळे लक्षात राहत नसेल, तर घरातल्या आजीलाही सांगता येईल असे एकच सूत्र सांगतो. खऱ्या लॉटरीत आधी तिकीट आणि मग बक्षीस. खोट्या लॉटरीत आधी बक्षीस आणि मग पैसे. ज्या क्षणी बक्षीस मिळवण्यासाठी पैसे मागितले जातात, त्या क्षणी फोन ठेवावा. ‘कोणाला सांगू नका’ असे बजावले गेले, तर उलट चार जणांना सांगावे.

पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू नये. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तिथे आणि आपल्या बँकेत ताबडतोब कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी ती रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा जास्त. संदेश, पावत्या, खाते क्रमांक यांतले काही पुसून टाकू नये.

आणि हेही स्पष्ट सांगायला हवे, की लॉटरी खरी असली म्हणजे ती चांगली असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या एका निकालात म्हटले, की सरकारने चालवली तरी लॉटरी हा जुगारच राहतो. गंमत म्हणून महिन्याला एखादे तिकीट काढणे वेगळे आणि मुलीच्या लग्नाची तजवीज त्यावर सोडणे वेगळे. खऱ्या लॉटरीनेही घरे बसली आहेत. फरक एवढाच, की तिथे निदान तिकीट हातात असते.

गुरुजींना मी उसने पैसे दिले नाहीत. ते रागावून निघाले, पण दारातच थबकले. “मुलीला काय सांगू?” एवढेच म्हणाले. पैशांपेक्षा त्यांना त्याची धास्ती होती. त्याच रात्री तिला मी फोन लावला आणि ती सकाळच्या गाडीने आली. बापाला एक शब्द बोलली नाही, हात धरून पोलीस ठाण्यात घेऊन गेली. पैसे अजून मिळालेले नाहीत. पण आता ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर कोणाच्या मोबाइलवर बक्षिसाचा संदेश आला, की तो आधी गुरुजींपुढे येतो. ते चष्मा वर सरकवतात आणि वर्गात विचारावा तसा एकच प्रश्न विचारतात, “तिकीट कुठं आहे?”