'का?' असे नव्हे, 'कोणत्या आधारे?' असे विचारा

शिंदखेडा तालुक्यातील खेड्यापाड्यांतून आमचे बांधव वकिलाकडे येतात तेव्हा त्यांच्या तोंडी बहुधा एकच प्रश्न असतो : "साहेब, आमच्यावरच अन्याय का?" प्रश्न खरा आहे, पण त्याचे उत्तर द्यायला कोणतेही कार्यालय बांधील नाही. असा प्रश्न विचारणाऱ्यालाच थकवतो. म्हणून लढ्याआधी प्रश्न दुरुस्त करावा लागतो. ही विद्या आपल्याला बाबासाहेबांनी दिली.

महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर १२ डिसेंबर १९२७ रोजी स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला. गाव विचारत होते, अस्पृश्यांना तळ्यावर येण्याचा हक्क काय? या प्रश्नात पुराव्याचे सारे ओझे आपल्या डोक्यावर होते. न्यायालयात तोच प्रश्न उलटला : तळे कोणाच्या मालकीचे? आणि आम्हाला अडवण्याची वहिवाट अनादिकाळापासूनची आहे, हे तुम्ही सिद्ध कराल काय? तळे नगरपालिकेचे ठरले. वहिवाट सिद्ध झाली नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दावेदारांचे अपील फेटाळले. त्याच वर्षी ३१ जुलैला बाबासाहेब खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले. लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्या दिवशी दरवर्षी लोक जमतात. तेथे जाणाऱ्याने अभिवादनासोबत वकील बाबासाहेबांची ही रीतही घरी न्यावी.

आज ही रीत माहितीच्या अधिकारात कामी येते. २००५ च्या या कायद्याखाली दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही लागत नाहीत. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती नाही. पण "आमच्या वस्तीत गटार का नाही?" असे लिहिले तर अर्ज वाया जातो. 'का' चे उत्तर ही माहिती नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच सांगितले आहे. त्याऐवजी लिहा : ग्रामपंचायतीने मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के निधी गेल्या तीन वर्षांत कोणत्या कामावर खर्च केला? ठरावाची, कामाच्या आदेशाची आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत द्या. आता बोलण्याची पाळी कागदाची. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करा.

मात्र नेमका प्रश्नही एकटा पडला की मारला जातो. आपल्याच तालुक्यातील विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील विचारत होते, सौरऊर्जा प्रकल्पात गेलेल्या माझ्या जमिनीला इतका कमी मोबदला कोणत्या हिशेबाने? प्रश्न बिनचूक होता. तो घेऊन ते मंत्रालयापर्यंत गेले, तेथे विष घेतले आणि २८ जानेवारी २०१८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ते आपल्या जातीचे नव्हते, पण दुःख आपल्या ओळखीचे आहे. महाडच्या प्रश्नामागे हजारो माणसे उभी होती; विखरणचा म्हातारा कचेऱ्यांच्या पायऱ्या एकटा झिजवत राहिला.

म्हणून बांधवांनो, विहारात दर आठवड्याला जमता, तेव्हा अर्धा तास प्रश्न लिहायला द्या. गाऱ्हाणे एकाचे असो, अर्जाखाली दहा घरांनी स्वतंत्र अर्ज जोडावेत. शिकलेल्या मुलामुलींनी लिहावे, वडीलधाऱ्यांनी तालुक्याला सोबत जावे. साहेबाने एका माणसाला परत पाठवणे सोपे असते. एकच प्रश्न दहा हातांनी पुढे केला, तर त्याला कपाट उघडावेच लागते.

जयभीम!