मळीच्या पाण्याचा रंग आणि ऊन

साखर कारखान्याला जोडून डिस्टिलरी असली, की ओढ्याला काळ्या चहासारखं पाणी आल्याची तक्रार ऐकू येतेच. मळीपासून एक लिटर अल्कोहोल बनवताना साधारण ८ ते १५ लिटर असं सांडपाणी निघतं. ते बाहेर सोडायचं नाही असा नियम आहे, तरी कुठं तळं झिरपतं, कुठं पाइप फुटतो.

हा रंग येतो कुठून? भाकरी तव्यावर तांबूस होते ना, तसाच. साखर आणि प्रथिनांचे अंश एकत्र तापले की तपकिरी द्रव्य तयार होतं. त्याचं नाव मेलॅनॉइडिन. बायोगॅसच्या टाकीतले जिवाणू बाकीची बरीच घाण खातात, हे मात्र त्यांना सहसा पचत नाही.

इथं उन्हाचा उपयोग होऊ शकतो. टिटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी पावडर असते, भिंतीच्या रंगात घालतात तीच. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी दाखवलं, की प्रकाश पडला की हा पदार्थ पाण्याचे घटक वेगळे करू शकतो. पुढं तिचा सांडपाण्यासाठी अभ्यास सुरू झाला. उन्हातले अतिनील किरण पडले की पावडरीच्या पृष्ठभागावर फार तिखट कण तयार होतात आणि ते रंगाचे तुकडे करतात. पावडर स्वतः खर्च होत नाही. कितीही कापड कापलं तरी कात्री संपते का?

पण अडचणी आहेत. उन्हात अतिनील किरण जेमतेम चार-पाच टक्के. पाणी काळं असेल तर तेही आत शिरत नाहीत. म्हणून आधी बाकीची शुद्धी करून, पाणी पातळ करून, पापडासारखं पसरून ऊन द्यावं लागतं. शेवटी पावडर गाळून परत मिळवायची. मला विचाराल तर हा शेवटचा हात आहे, पहिला नव्हे. आणि घरच्या माठात ही पावडर कुणी टाकू नका!

सगळ्यात महत्त्वाचं सांगते. रंग गेला तरी क्षार जात नाहीत. मळीच्या पाण्यात पोटॅश भरपूर असतं, ते नितळ पाण्यातूनही रानात उतरतं. उकळलं तर क्षार उलट दाट होतात. तेव्हा "पाणी आता पांढरं आहे" असं कुणी सांगितलं, तर गटानं तपासणीचा अहवाल मागायचा: क्षार किती, सीओडी किती. विहिरीला रंग दिसला तर ते पिणं थांबवा, स्वच्छ बाटलीत नमुना घ्या, तारीख आणि जागा लिहा, फोटो काढा, आणि ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.