ज्याला जे हवे, ते त्याच्या हाती द्यावे

संगणकाच्या आज्ञावलीत ज्याला ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात, तो म्हणजे काही माहिती आणि ती हाताळणारी कामे यांची एकत्र बांधलेली मोट होय. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली जावास्क्रिप्ट ही भाषा रचली, ती वेबपृष्ठांवरील किरकोळ कामांसाठी. आज तीत प्रचंड आज्ञावली लिहिल्या जातात, आणि कोणत्या ऑब्जेक्टचे कोणावाचून अडते, हा प्रश्न जिकिरीचा होऊन बसला आहे.

शाळेचेच उदाहरण घेऊ. ‘निकाल’ नावाचा ऑब्जेक्ट गुणांची बेरीज करतो आणि ‘दूत’ नावाच्या दुसऱ्या ऑब्जेक्टकरवी पालकांना संदेश धाडतो. आता हा दूत निकालाने आपल्याच पोटात निर्माण केला, तर बेरीज पडताळून पाहण्याच्या प्रत्येक खेपेस खरेखुरे संदेश घरोघर जातील! मूल नापास झाल्याची खोटी वार्ता वाचून एखाद्या घरी त्या रात्री कोणी जेवणार नाही.

यास्तव दूत बाहेरून द्यावा. निकाल जन्मास येतानाच तो त्याच्या हाती ठेवावा. प्रत्यक्ष कामाला खरा दूत. पडताळणीला तोतया, जो संदेश न पाठविता नुसता टिपून ठेवतो. निकालास हा भेद कळत नाही. ‘पाठव’ म्हटल्यावर ऐकणारा कोणी असला, की जावास्क्रिप्टला तेवढे पुरते. त्याचे कुळगोत्र ती विचारीत नाही. या रीतीला ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या २००४ मधील लेखाने हे नाव सर्वतोमुखी केले.

ही जुळवणी यंत्रावर सोपविण्याचे प्रयत्नही झाले. गूगलची अँग्युलरजेएस ही चौकट २०१० साली आली. एखाद्या कार्यास काय हवे, हे ती त्यातील नावे वाचून ओळखी. परंतु आज्ञावली आटोपशीर करणारी साधने ती नावे एकाक्षरी करून टाकीत, आणि मग चौकटीला काहीच उमगेना! अखेर तीच नावे अवतरणचिन्हांत पुन्हा लिहावी लागत, कारण तेथील मजकुराला ती साधने हात लावीत नसत.

लहान कामाला असल्या चौकटीची गरज नाही, असे माझे मत आहे. आरंभीच एका ठिकाणी सारे ऑब्जेक्ट निर्माण करून एकमेकांच्या हाती द्यावेत, म्हणजे कोण कोणावर विसंबून आहे हे एका दृष्टिक्षेपात दिसते. निकालाला दूत हवा आणि दूताला निकाल, असा पेच तेथे दिसला, तर दोघांना लागणारा भाग काढून त्याचा तिसरा ऑब्जेक्ट करावा.